भाद्रपदातले पाहुणे

काकांच्या घराला दार होतं, पण ते वापरात नव्हतं. आलेल्याने डावीकडच्या खिडकीपाशी जायचं. खिडकीला गज, गजांखाली हात जाईल एवढी फट, आत टेबल, टेबलामागे खुर्ची आणि खुर्चीत काका. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याशी टाय आणि खाली लुंगी. लुंगी खिडकीतून दिसत नसे, त्यामुळे काकांच्या मते ती नव्हतीच.

"येण्याचा उद्देश?" काका दूधवाल्याला विचारत.

"दूध."

"मुक्काम किती?"

"अर्धा लिटर, सायेब."

"या आपण."

हे रोज सकाळी चालायचं. दूधवाल्याला त्यात काही वावगं वाटत नसे. गॅसवाल्याला सुरुवातीला वाटलं, मग त्यालाही सवय झाली. काका सगळ्यांना 'आपण' म्हणत. दूधवाल्याला, मला, कुंपणावर बसणाऱ्या बोक्यालाही. "आपण खाली उतरावं, झाड नवं आहे," असं त्यांनी बोक्याला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. बोका उतरला नाही, ही गोष्ट वेगळी.

काका माझे कुणी लागत नव्हते. मी यवतमाळची. पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरी लागली होती आणि धायरीत त्यांच्या घरावरची एक खोली भाड्याने मिळाली होती. तेव्हा धायरी पुण्यात धरत नसत. आजूबाजूला ज्वारीची शेतं होती आणि मधूनच एखादी नवी इमारत उगवलेली असायची. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक गोंधळणार, अशी हवा होती. ती दुरुस्ती करायला कंपन्या आमच्यासारख्या पोरापोरींना विमानात भरून परदेशी पाठवत होत्या. मात्र विमानाच्या आधी व्हिसा होता, आणि व्हिसाच्या आधी मुंबईच्या वकिलातीतली खिडकी. त्या खिडकीची भीती घालवायची तर धायरीतल्या या खिडकीपाशी यायचं, हे हळूहळू सगळ्या पुण्यातल्या पोरांना कळलं होतं.

कारण काकांचा सगळा जन्म अशाच खिडकीमागे गेला होता. ते आपल्या परराष्ट्र खात्यात कॉन्सुलर ऑफिसर होते, म्हणजे परदेशातल्या आपल्या वकिलातीत व्हिसा-पासपोर्ट आणि अडलेल्या माणसांची कामं बघणारे. कुणी कौतुकाने "म्हणजे राजदूत?" असं विचारलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा.

"राजदूत जेवायला जातात. आम्ही मयताला जातो."

रविवारी सकाळी खिडकीपाशी रांग लागायची. बगलेत फायली, नव्या बुटांनी पाय चावलेले. काकांचा पहिला हुकूम असायचा, "फाइल खाली ठेवा. कागद काय, कुणीही आणतो." मग प्रश्न. पोरं घोकून आलेली उत्तरं धडाधडा म्हणायची आणि काका डोळे मिटून ऐकायचे.

"मी आपल्याला विचारलं, कुठे उतरणार. आपण कंपनीचा इतिहास सांगितलात. प्रश्न जेवढा, तेवढंच उत्तर. उरलेलं घरी न्या, संध्याकाळी खायला होईल."

खोटं त्यांना लगेच कळायचं. एकदा एका मुलाने ठणकावून सांगितलं, "मी काम संपताच परत येणार." काका म्हणाले, "आपण उत्तर देताना माझ्याकडे पाहिलंत. खरं बोलणारा माणूस उत्तर आठवायला वर बघतो. उद्या वर बघा." मुलाला व्हिसा मिळाला आणि तो अजून परत आलेला नाही. पेढे मात्र पोस्टाने आले होते.

मलाही त्यांनी तीन रविवार उभं केलं. घरात राहते म्हणून सवलत नव्हती. जिन्यावरून उतरून, बाहेरून वळसा घालून खिडकीपाशी यावं लागे. मला व्हिसा मिळाला, मी वर्षभर जाऊन आले आणि पुन्हा त्याच खोलीत राहायला आले. काकांनी खिडकीतून पाहिलं. म्हणाले, "आपण खरं बोलला होतात तर." एवढंच. संध्याकाळी वर डबा आला, त्यात गुळाची पोळी होती.

मयताला जाण्याची गोष्ट मला कळायला भाद्रपद यावा लागला.

परदेशात आपला माणूस मेला, आणि त्याचं तिथे कुणी नसलं, तर ते काम कॉन्सुलर ऑफिसरकडे येतं. बंदरातला खलाशी, बांधकामावरचा मजूर, वसतिगृहातला विद्यार्थी. शवागारात जायचं, ओळख पटवायची, पेटी सील करून विमानात चढवायची. जिथे पाठवणं जमत नाही तिथे घरच्यांच्या परवानगीने तिथेच निरोप द्यायचा. हिंदू असेल तर अग्नी, मुसलमान असेल तर माती. हे काम इतर लोक कारकुनाला सांगून मोकळे होत. काका स्वतः उभे राहत. आणि त्याआधी गावाकडे फोनही स्वतःच करत.

"फोनवर मेल्याची बातमी सांगितली की पलीकडे आधी काही ऐकू येत नाही," त्यांनी मला सांगितलं. "मग रडणं. मग पुन्हा काही नाही. फोन ठेवता येत नाही आणि बोलायला काही उरलेलं नसतं. म्हणून मी एक प्रश्न विचारायचो. त्यांना खायला काय आवडायचं?"

"आणि लोक सांगायचे?"

"अहो, थांबायचे नाहीत. कुणी म्हणायचं, बांगडा, पण चुलीवर भाजलेला. कुणी म्हणायचं, चुरमुऱ्यांचा चिवडा, कांदा जास्त. माणूस जिवंत व्हायचा थोडा वेळ. मग फोन ठेवायला हरकत नसायची."

लोकांनी सांगितलेलं काका विसरले नाहीत. निवृत्त होऊन धायरीला आल्यापासून दर सर्वपित्री अमावास्येला ते या सगळ्यांना जेवायला घालत. "तिकडची तारीख आणि इकडची तिथी, ताळमेळ कोण घालणार? म्हणून सगळ्यांना एकच दिवस. ज्याने अग्नी दिला त्याने जेवू घालायचं. त्यात माझी हौस नाही, तो नियम आहे."

त्या दिवशी त्यांचं स्वयंपाकघर बघण्यासारखं असे. एका चुलीवर बांगडा, दुसरीवर शिंप्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मियांसाठी शीरखुर्मा. ट्रकवाल्या सरदारजींसाठी राजमा, एका विद्यार्थ्यासाठी पाकिटातल्या शेवया. एका गृहस्थांच्या बायकोने फोनवर सांगितलं होतं, "त्यांना काहीच आवडायचं नाही. प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायचे." त्यांच्यासाठी काका दरवर्षी एक भाजी मुद्दाम अळणी करत. म्हणत, "बिचाऱ्यांना नावं ठेवायला काहीतरी हवं."

मदतीला गावातल्या मावशी असत. घरचा स्वयंपाक त्याच करायच्या. त्यांचं तोंड दिवसभर हातापेक्षा जास्त चालायचं.

"पितरांच्या दिवशी मासळी! आन् तिकडं त्यो शीरखुर्मा! सायेब, देव बगतोय वरनं."

"बघू द्या. त्यांनाही पान वाढू. उद्देश मात्र सांगावा लागेल."

"भटजी येत न्हाईत ते काय उगं? मागल्या सालचे तर उंबऱ्यातनं पळाले."

भटजी नव्हतेच. काका अंगणात मोठ्या टेबलावर केळीची पानं मांडत, प्रत्येक पानावर एका माणसाचं आवडतं वाढत आणि हात जोडून उभे राहत. मंत्र नाही, काही नाही. शर्ट आणि टाय मात्र असायचा. घटकाभराने म्हणायचे, "चला, जेवली मंडळी," आणि मग व्हिसाच्या रांगेतली पोरं, गावातली माणसं, मावशींची नातवंडं अशी पंगत बसायची. बांगडा कुणी खायचा यावरून भांडणं होत.

मी पहिल्यांदा ती पानं पाहिली तेव्हा मला टेबलाच्या टोकाला एक वाटी दिसली. पान मांडलेलं, पाणी फिरवलेलं, वाटी घासून लख्ख. आत काही नव्हतं. मला वाटलं वाढायचं राहिलं, म्हणून मी शीरखुर्म्याचं पातेलं उचललं.

"तिथे नको," काका म्हणाले. "ती आमच्या हिची आहे."

काकू एका परक्या शहरातच वारल्या होत्या, काकांची तिथे बदली असताना. मुलगा तेव्हा पुण्यात वसतिगृहात राहून कॉलेज करत होता. बायकोचे कागद काकांनीच केले. अर्ज त्यांचा आणि सहीही त्यांचीच. मग ठरलेल्या पद्धतीने त्यांनी गावाकडे फोन लावला. गावाकडे म्हणजे मुलाच्या वसतिगृहात.

"सवयीने बोलून गेलो," काका म्हणाले. पातेल्यातला शीरखुर्मा ढवळत होते, माझ्याकडे पाहत नव्हते. "तीच वाक्यं. तोच आवाज. 'आपल्याला कळवताना खेद होतो.' स्वतःच्या मुलाला. तो पलीकडे गप्प झाला. तिथे मी प्रश्न विचारायचा होता. जन्मभर विचारला, आणि नेमका तिथे विसरलो. लाइन बंद झाली."

"मग नंतर विचारायचं ना, काका."

"नंतर तो अमेरिकेला गेला. फोन करतो, तब्येत विचारतो. पण आता फोनवर कसं विचारू? हा प्रश्न मी फोनवर फक्त परक्यांना विचारलाय." मग पळी ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मला माहीत नाही हो, तिला काय आवडायचं. ती माझ्या आवडीचं करायची. मी खायचो."

मला त्यांचा फार राग आला आणि फार वाईटही वाटलं.  मी ती वाटी पानावर नीट सरळ केली.

त्या दिवसानंतर मी त्यांचा पिच्छा पुरवला. जाऊन या, समोर बसून विचारा, असं येता-जाता म्हणायची. त्यांनी आधी तब्येतीचं कारण सांगितलं, मग हवामानाचं, मग बोक्याचं. शेवटी एक दिवस ते कबूल झाले. मुलाने तिकडून बोलावणं पाठवलं, आणि ज्या माणसाने अख्ख्या पुण्याला मुलाखतीला तयार केलं तो स्वतः मुंबईच्या वकिलातीत खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिला. मी सोबत गेले होते. आत त्यांना एकट्यालाच सोडलं.

अर्ध्या तासात ते बाहेर आले. चेहरा समाधानी. मी विचारलं, "झालं?"

"नाकारला."

"काय!"

"मुलगा हुशार आहे खिडकीवरचा. उद्देश विचारला. मी सांगितलं, मुलाला एक प्रश्न विचारायचा आहे. म्हणाला, फोनवर नाही का विचारता येणार? म्हटलं, नाही. म्हणाला, इथे तुमचं कोण आहे? म्हटलं, कुणी नाही. मग म्हणाला, तर मग परत कशासाठी याल? अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं हो."

"आणि आपण काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, बरोबर विचारलंत, तुमच्या जागी मी असतो तर नाकारला असता. त्याने आभार मानले."

मी कपाळाला हात लावला. पुण्याला परतताना घाटभर काका त्या खिडकीवरच्या मुलाची तारीफ करत होते. लोणावळ्याला मी चिक्की घेतली आणि त्यांना दिली नाही.

पण त्या रविवारी त्यांनी खिडकी उघडली नाही. पुढच्याही नाही. पोरं येऊन परत जायची. दूधवाला दूध पायरीवर ठेवून जायला लागला. "मला कुनी काय इचारंना," तो मावशींना म्हणाला, "करमत न्हाई." काका आत शर्ट न घालता बसलेले असायचे. मावशींनी मला वर येऊन सांगितलं, "सायेब जेवत न्हाईत नीट. त्या रिकाम्या वाटीकडं बघत बसत्यात. तुमीच कायतरी करा, बाई."

मग एका दुपारी मीच खिडकी उघडली. आत जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले आणि त्यांना बाहेर पाठवलं. ते गेले, हे आश्चर्य. टोपी घालून उन्हात गजांपलीकडे उभे राहिले. तिथून ते फार लहान दिसत होते. एवढी वर्षं इकडच्या बाजूने त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"येण्याचा उद्देश?" मी विचारलं.

"मुलाला भेटणे."

"छान. इथे आपलं कोण आहे?"

"कुणी नाही."

"काका! मी? मावशी?"

"नात्यातलं विचारलं जातं. प्रश्न जेवढा..."

"ते राहू द्या. परत कशासाठी याल?"

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी गप्प बसले. त्यांनीच शिकवलं होतं, गप्प बसलं की समोरचा खरं बोलतो. अंगणाच्या भिंतीवर मावशींनी मोठी पातेली घासून पालथी घातली होती. सर्वपित्रीची. काकांची नजर तिकडे गेली. उत्तर आठवायला माणूस बघतो तशी.

"भाद्रपदात माझ्याकडे पाहुणे असतात," ते म्हणाले. "त्यांना दुसरं घर नाही. मला यावंच लागेल."

"या आपण," मी म्हणाले. 

दुसऱ्या वेळी वकिलातीत त्यांनी हेच सांगितलं. खिडकीवर या वेळी एक बाई होती. पाहुणे कोण, म्हणून तिने विचारलं. काकांनी सांगितलं, तेवढ्यास तेवढं. तिने व्हिसा दिला. तिने आणखी काही विचारलं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हो. अळणी भाजी कुणासाठी, ते पुन्हा एकदा सांगायला सांगितलं."

उन्हाळ्यात ते गेले आणि पितृपक्ष लागायच्या आत परत आले. मी विमानतळावर होते. गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं. पहिले बरेच दिवस धीर झाला नाही. मग एका सकाळी मुलगा पाव भाजत होता तेव्हा म्हणाले, "त्या फोनवर माझा एक प्रश्न राहिला होता." आणि विचारलं. मुलगा किती तरी वेळ तसाच उभा राहिला, पाव जळला. मग म्हणाला, "मला माहीत नाही, बाबा. मला वाटायचं तुम्हाला माहीत असेल."

"मग?"

"मग काय. दोघेही नापास. बसलो रडत, जळका पाव खात." काका काचेबाहेर येरवड्याचा पूल बघत होते. "पण मला 'तुम्ही' नाही म्हणाला शेवटी. 'तू' म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसा."

वाटी त्या वर्षीही रिकामीच राहिली. पण काकांनी ती टोकावरून उचलून मधोमध ठेवली, आणि खिडकी पुन्हा उघडली. दूधवाल्याने त्या सकाळी मुक्काम एक लिटर सांगितला.

पुढे बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी जवळच सिंहगड रस्त्यावर राहायला गेले. धायरीची शेतं संपली, व्हिसाची मुलाखत पोरं संगणकावर बघून शिकायला लागली, खिडकीपुढची रांग तुटली. काका तरी रविवारी टाय बांधून बसत. बोका गेला, त्याच्या जागी दुसरा आला. त्यालाही आपणच म्हणत.

एका सकाळी मावशींचा फोन आला. काका झोपेतच गेले होते.

त्यांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं, "मला थांबवून ठेवू नका. मुलासाठीसुद्धा नाही. बर्फात थांबलेली माणसं मी फार पाहिली आहेत." मी अमेरिकेत मुलाला फोन लावला. तो मला अहो-जाहो करायचा, आमची ओळख फोनपुरतीच होती. मी बातमी सांगितली. काकांनी काय सांगून ठेवलंय तेही सांगितलं.

"मग तुम्हीच द्या अग्नी," तो म्हणाला. "त्यांना चालेल." आणि मग पलीकडे काही ऐकू येईना.

मला फोन ठेवता येईना. काकांच्या ताटात काय असायचं हे मला पाठ होतं, इतकी वर्षं त्यांच्या घरात जेवले होते. तरी मी विचारलं.

"त्यांना खायला काय आवडायचं?"

तो हुंदका देत हसला. "पेरूची कोशिंबीर," तो म्हणाला. "वरून मोहरीची फोडणी. पण तिकडे कुठल्याच गावात पेरू मिळायचे नाहीत. मग आई नासपती घ्यायची. तीच चिरून, दही घालून, फोडणी द्यायची आणि पेरू म्हणून वाढायची. बाबा खायचे आणि म्हणायचे, पेरू छान आहेत हं. दर वेळी."

"त्यांना कळायचं नाही?"

"अहो, खोटं पकडायची नोकरी होती त्यांची! कळायचं. आईलाही कळायचं की त्यांना कळलंय. ती ओट्याला टेकून बघत उभी राहायची, आणि ते 'पेरू छान आहेत' म्हणाले की मग स्वतः वाटी घेऊन जेवायला बसायची. तीच कोशिंबीर. आधी ती संपवायची, मग पोळी..." तो थांबला. "थांबा. अहो, थांबा जरा. आईला तेच आवडायचं."

मग तो बोलतच राहिला. प्रश्न जेवढा तेवढंच उत्तर, हा बापाचा नियम तो विसरून गेला होता, आणि मी त्याला अडवलं नाही.

अग्नी मी दिला. म्हणजे जेवू घालणंही माझ्याकडे आलं. त्या भाद्रपदात मावशी आणि मी मिळून सगळं केलं, बांगडा, शीरखुर्मा, अळणी भाजी. "देव बगतोय वरनं," असं मावशी याही वेळी म्हणाल्या, पण म्हणताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

आदल्या दिवशी मी मंडईत गेले होते. पेरूंचे ढीग लागले होते, हिरवे, पिवळे, घमघमत होते. मी नासपती घेतली, दोन वाट्यांपुरती.